टिक्झवर राजगड चढवला : पाच पानं, पाच थर आणि दोनदा कंपाइल

आधीच सांगते, मी डिझायनर वगैरे नाही. ज्युनियर कॉलेजात गणित शिकवते, एमएस्सीचा प्रोजेक्ट लाटेकमध्ये, म्हणजे कोड लिहून पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, केला होता तेव्हापासून प्रश्नपत्रिका त्यातच टाइप करते, आणि स्टाफरूममध्ये माझी ओळख 'त्या कोडमध्ये पेपर काढणाऱ्या मॅडम' अशी आहे. त्यामुळे आमच्या ट्रेक ग्रुपला राजगडाची छोटी पुस्तिका काढायची ठरली तेव्हा नकाशाचं काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं. 2025 मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले त्यात राजगड आहे, तेव्हापासून आमच्याबरोबर येणारी नवखी मंडळी वाढलीयेत आणि त्यांना गड एका नजरेत समजतच नाही. तीन माच्या तीन दिशांना, मधे बालेकिल्ला, आणि लोक पद्मावती माचीवर तळ्याकाठी बसून विचारतात की संजीवनी कुठाय.

तर कल्पना अशी होती की एकाच गडाचं एकच चित्र, पण पानागणिक वाढत जाणारं. पहिल्या पानावर नुसत्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या, दुसऱ्यावर त्यात तटबंदी आणि माच्या, तिसऱ्यावर दरवाजे, चौथ्यावर पाणी म्हणजे तळी-टाकी, पाचव्यावर वाटा. पान उलटलं की गड जागचा हलायला नको, फक्त त्यावर एक थर चढायला हवा. आणि ग्रुपमधल्या काकांची वर एक हौस, की हेच पाच थर पारदर्शक शीटवरपण छापू, जुन्या ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या असायच्या ना तसल्या, म्हणजे गडावर बसून एकावर एक ठेवून दाखवता येतील. ऐकायला फार भारी वाटलं. तेव्हा मी हो म्हणून बसले.

पहिला प्रयत्न नेहमीच्या प्रेझेंटेशन सॉफ्टवेअरमध्ये केला, स्लाइड डुप्लिकेट करत करत. चार स्लाइड झाल्यावर लक्षात आलं की सुवेळा माचीचं टोक पहिल्याच स्लाइडवर चुकलंय, मग ते चारी ठिकाणी दुरुस्त करा, आणि ते करताना कुठेतरी माउस घसरला आणि तिसऱ्या पानावरचा आख्खा गड एक मिलिमीटर डावीकडे गेला. स्क्रीनवर कळत नाही हो हे. पान उलटताना मात्र गड उचकी लागल्यासारखा हलतो.

तिथून टिक्झकडे वळले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, टिक्झ हे लाटेकच्या आत चित्र काढायचं पॅकेज आहे, टिल टांटाऊ नावाच्या जर्मन प्राध्यापकांनी लिहिलेलं, बीमर हे स्लाइड्स बनवायचं प्रकरणही त्यांचंच. टिक्झ या नावाचा जर्मन फुलफॉर्मच मुळी 'टिक्झ हा चित्र काढायचा प्रोग्राम नाही' असा आहे. म्हणजे दुकानाच्या पाटीवरच लिहिलंय की इथे हे मिळत नाही. आणि ते खरं आहे, इथे माउसने काही काढता येत नाही, या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेघ, या जाडीची, या रंगाची, असं सगळं लिहून सांगायचं, मग कंपाइल करायचं, म्हणजे त्या कोडचं पान बनवायला लावायचं, मग बघायचं काय झालं. पैसे शून्य. टेक लाइव्ह, म्हणजे लाटेक, टिक्झ सगळं एकत्र मिळणारा संच, पूर्ण घेतलं तर डाउनलोड कित्येक जीबीचं, तेवढं वायफाय असेल तिथे बसून करा. मॅन्युअल 1300 पानांच्या वर आहे पण भिऊ नका, सुरुवातीची ट्यूटोरियल्स इतकी छान लिहिलीयेत की मी ती बसमध्ये वाचली.

आता मुद्द्याचं. 'लेयर' हा शब्द वाचून मी समजले होते की फोटो एडिटिंगमध्ये असतात तसे थर असतील आणि पानापानांतून चालू-बंद करता येतील. तसं नाहीये. टिक्झचे लेयर एका चित्रापुरते असतात, चित्र संपलं की संपले. त्यांचं काम एवढंच की कोडमध्ये नंतर लिहिलेली गोष्ट कागदावर आधीच्या गोष्टीच्या खाली घालता यावी. आधी लेयरची नावं जाहीर करायची, मग खालून वर असा क्रम द्यायचा, आणि त्या क्रमात 'मेन' नावाचा लेयर स्वतः आठवणीने लिहायचा. मी तो विसरले आणि माझा गड गायब. एरर नाही, वॉर्निंग नाही, कोरं पान. अर्धा तास मी रंग तपासत बसले होते की चुकून पांढरा दिलाय का.

मग पानापानांतून थर कसे चढवायचे? तर ते आपणच करायचं, आणि इथेच मला हे प्रकरण आवडायला लागलं. प्रत्येक थराची एक आज्ञा बनवली, तटबंदीची वेगळी, दरवाज्यांची वेगळी, पाण्याची वेगळी, मग एक लूप, एक ते पाच, आणि प्रत्येक पानावर अट की ज्या थराचा नंबर या पानाच्या नंबरइतका किंवा त्याहून कमी आहे तो काढ. झालं. सुवेळेचं टोक एका जागी बदललं की पाची पानांवर बदलतं. आणि पारदर्शक शीटसाठी काय करायचं होतं? अटीतलं 'किंवा कमी' काढून टाकायचं, की प्रत्येक पानावर फक्त त्याचा त्याचा थर. एकाच फाइलमधून वाढत जाणारी पुस्तिका पण आणि सुटे थर पण, फरक एका चिन्हाचा. ज्या दिवशी हे चाललं त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन नवऱ्याला लॅपटॉप दाखवला, त्याने 'छान आहे' म्हणून कुकरची शिट्टी मोजणं चालू ठेवलं.

पण थर एकमेकांवर बसायचे तर चित्र पानावर दर वेळी नेमकं त्याच जागी पडलं पाहिजे, आणि लाटेक मुळात मजकूर मांडणारं यंत्र आहे, ते चित्रालाही एक मोठ्ठं अक्षर समजून ओळीत बसवतं. वर एखादं शीर्षक आलं की चित्र खाली सरकलं. यावर उपाय म्हणजे चित्राला दोन पर्याय द्यायचे, रिमेंबर पिक्चर आणि ओव्हरले. पहिला म्हणजे पानावर आपण कुठे आहोत ते लक्षात ठेव, दुसरा म्हणजे पानात जागा व्यापू नकोस, नुसतं वरून घातल्यासारखं ये. मग 'करंट पेज' नावाचा एक अदृश्य चौकोन मिळतो, त्याचा मध्य, त्याचे चार कोपरे, आणि गडाचा मध्य पानाच्या मध्याला बांधून टाकता येतो. मजकूर काही का असेना, बालेकिल्ला जागचा हलत नाही.

याची एक गंमत म्हणजे हे दोनदा कंपाइल करावं लागतं. पहिल्या फेरीत जागा फक्त एका जोडफाइलमध्ये लिहून ठेवली जाते, दुसऱ्या फेरीत ती वाचून चित्र तिथे बसतं. त्यामुळे पहिल्यांदा गड भलतीकडेच दिसतो आणि नवा माणूस घाबरून कोड बदलायला लागतो. नका बदलू. परत एकदा चालवा. लाटेकएमके नावाचा छोटा मदतनीस प्रोग्राम वापरला तर ते स्वतःच हव्या तेवढ्या फेऱ्या मारतं.

दर पानाच्या चार कोपऱ्यांत जुळणीच्या खुणा हव्या होत्या, छपाईवाले ज्याला रजिस्ट्रेशन मार्क म्हणतात त्या, अधिकच्या चिन्हासारख्या (+) खुणा. त्या प्रत्येक पानावर वेगळ्या लिहायची गरज नाही, लाटेकच्या गाभ्यातच 2020 पासून हुक आलेत, पान बाहेर पडताना त्याच्या पाठीमागे हे हे घाल असं एकदा सांगितलं की संपलं. फक्त तिथे मोजणी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून होते आणि खाली जायला वजा आकडे द्यावे लागतात, तर जुन्या इसो-पिक पॅकेजमध्ये खालच्या डाव्या कोपऱ्यापासून. मी एकातलं उदाहरण दुसऱ्यात चिकटवलं आणि खुणा पानाच्या बाहेर, हवेत. आणखी एक, पानावर मजकूर काहीच नसेल आणि सगळं हुकमध्येच असेल तर टेकच्या, म्हणजे लाटेकच्या पोटातल्या मूळ इंजिनाच्या मते ते पानच नाही, छापतच नाही ते, मग एक रिकामा डबा ठेवून त्याची समजूत काढावी लागते.

समोच्च रेषांनी मात्र जीव काढला. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधून रेषा काढल्या, त्यांचे बिंदू मीटरमध्ये, आणि ते जसेच्या तसे टिक्झला दिले. राजगडाच्या जागेला त्या मोजणीत उत्तरेचा आकडा वीस लाखांच्या घरात जातो. टेकमध्ये कुठलीही लांबी साधारण 16384 पॉइंटांच्या आत, म्हणजे जेमतेम पावणेसहा मीटरच्या आसपास असावी लागते, त्यापुढे 'डायमेन्शन टू लार्ज' म्हणून हात वर. 1970 च्या दशकाच्या शेवटी डोनाल्ड कनुथ यांनी पुस्तकं नीट छापली जावीत म्हणून बनवलेली गोष्ट आहे ती, त्यात कोणी सह्याद्री कोंबेल असं त्यांना वाटलं नसणार. मग सगळ्या आकड्यांतून गडाच्या मध्याचे आकडे वजा केले आणि हजाराने भागलं. तरी हजारो बिंदू, एकेका कंपाइलला चहा टाकून परत येण्याइतका वेळ. एकदा काढलेलं चित्र साठवून ठेवायची एक्स्टर्नल नावाची सोय आहे टिक्झमध्ये, पण तिचं रिमेंबर पिक्चरशी जमत नाही, म्हणजे नेमकं मला हवं तिथेच नाही.

शेवटी अहंकार सोडला आणि समोच्च रेषांची वेगळी पीडीएफ करून ती पहिल्या थरात चित्र म्हणून ठेवली. कंपाइल काही सेकंदांवर आलं. आणि ती पीडीएफ पाच पानांवर वापरली तरी फाइलमध्ये एकदाच भरली जाते, त्यामुळे साइजही फुगत नाही. जे कधी बदलणार नाही ते चित्र म्हणून आत घ्या आणि जे बदलणार आहे तेवढंच कोडमध्ये लिहा, हे मला कुणीतरी आधी सांगितलं असतं तर दोन रविवार वाचले असते.

मराठीचं सांगते, कारण याबद्दल मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. जुन्या पीडीएफलाटेकवर देवनागरीचा नाद करू नका, लुआलाटेक ही लाटेकचीच नवी आवृत्ती घ्या, फाँटला हार्फबझ रेंडरर (अक्षरं नीट जोडून मांडणारा) आणि देवनागरी लिपी सांगा, भाषा मराठी सांगितली तर ज्या फाँटमध्ये सोय आहे तिथे ल आणि श आपल्या वळणाचे येतात. मी आयआयटी मुंबईचा शोभिका वापरला, जोडाक्षरं एकदम देखणी. नावं सरळ लिहिली तर काही प्रॉब्लेम नाही. पण संजीवनी माची लांबलचक, वळत वळत तीन टप्प्यांत उतरते, तर मला हौस की नाव त्या वळणावरूनच जावं. टिक्झमध्ये वळणावर मजकूर टाकायची सजावट आहे, ती एकेक अक्षर सुटं करून ठेवते. इंग्रजीला ठीक. आपल्याकडे ज वेगळा, त्याची वेलांटी वेगळी, आणि ती बिचारी ठिपक्यांच्या गोलावर लटकलेली. कंसात एकेक अख्खं अक्षर बांधून दिलं, सं, जी, व, नी, तर वेलांट्या जागेवर आल्या पण शिरोरेषा तुटली, चार अक्षरं चार दिशांना मान करून उभी. शेवटी मुकाट्याने शब्द सरळ लिहिला आणि थोडा तिरका फिरवला. टिक्झचा माझ्या मते हा सगळ्यात मोठा उणेपणा, आपल्या लिपीपुरता तरी.

नावांमागे अर्धपारदर्शक पांढरा पट्टा दिला की खालच्या रेषांतून नाव वाचता येतं, फक्त भरण्याची पारदर्शकता दिली की अक्षरंही फिकी होतात, अक्षरांची वेगळी सांगावी लागते. आणि पुस्तिकेत आधीचे थर फिके दाखवायचे होते म्हणजे नवा थर उठून दिसेल, तर जिथे दोन फिक्या रेषा एकमेकींना छेदतात तिथे गडद ठिपका येतो. तटबंदीवर गोवर आल्यासारखा दिसत होता. ट्रान्सपरन्सी ग्रुप असा पर्याय दिला की आख्खा थर आधी एकत्र होतो आणि मग एकदम फिका होतो. हे मॅन्युअलमध्ये आहे, पण प्रश्न काय विचारायचा हे माहीत असलं तरच सापडतं.

एरर मेसेज हा एक स्वतंत्र विनोद आहे. एक अर्धविराम विसरा, ते म्हणतं 'गिव्हिंग अप ऑन धिस पाथ, डिड यू फर्गेट अ सेमिकोलन?' हो गं बाई, विसरले. हा त्यातल्या त्यात समजूतदार. बाकीचे वाचून शंभर ओळी लांब कुठेतरी कंस शोधत बसायचं.

ग्रुपच्या मीटिंगसाठी स्लाइड्सपण केल्या, बीमरमध्ये. इथे थरांची सोय तयारच आहे, कोणती गोष्ट कितव्या पायरीपासून दिसावी ते कोनाकृती कंसात लिहायचं की एकाच स्लाइडची पाच पानं पडतात. फक्त 'ओन्ली' वापरलं तर जी गोष्ट दिसत नाही तिची जागाही धरली जात नाही, मग चित्राचा आकार पायरीगणिक बदलतो आणि गड परत उड्या मारतो. 'अनकव्हर' वापरा, किंवा टिक्झची बीमरसाठीची व्हिजिबल ऑनवाली लायब्ररी घ्या, जागा धरून ठेवते. हँडआउट असा पर्याय वर दिला की सगळ्या पायऱ्या मिटून एकच पान छापायला मिळतं, हे फारच सोयीचं. बीमरचं पान मुळात 128 बाय 96 मिलिमीटर एवढुसं असतं, हे माहीत नसताना मी पुस्तिकेच्या ए-फोर पानाचे सेंटीमीटर तिकडे चिकटवले आणि पडद्यावर फक्त बालेकिल्ल्याचा डोंगर दिसला, माच्या भिंतीच्या पलीकडे.

बाकीचे पर्यायही बघितले, नाही असं नाही. इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये खरे लेयर आहेत, 1.2 पासून अनेक पानंही आहेत, आणि हाताने काढायचं असेल तर सरळ तेच घ्या, त्यात कमीपणा काही नाही. कॉन्टेक्स्ट म्हणून टेकचाच एक भाऊ आहे, नेदरलँड्सच्या हान्स हागेन यांचा, त्यात मात्र पानाच्या पातळीवरचे खरे थर आहेत, थराला नाव द्या, पानाच्या पार्श्वभूमीला लावा, मग मजकुरात कुठूनही त्यात वस्तू टाकत राहा. शिवाय आत मेटापोस्ट ही चित्र काढायची भाषा, ज्यात 'हा बिंदू त्या दोघांच्या मधोमध' असं समीकरण लिहिलं की ते स्वतः सोडवतं, गणितवालीला अजून काय पाहिजे. मला मनापासून आवडलं. पण अडलं की विचारायला माणसं कमी, आणि टिक्झमध्ये अडलं की तो प्रश्न दहा वर्षांपूर्वीच कुणालातरी पडलेला असतो. टिप्स्ट हे लाटेकसारखंच काम करणारं सॉफ्टवेअर नवीन आहे, 2023 मध्ये खुलं झालं, टाइप करता करता पान बदलताना दिसतं आणि एरर माणसांच्या भाषेत येतात, हे पाहून जरा जळफळाटच झाला. पुढच्या वेळी कदाचित.

स्टार द्यायचे तर पाचपैकी चार. एक कापला तो त्या तुटलेल्या शिरोरेषेसाठी.

छपाईचं राहिलंच. अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या एका दुकानात पारदर्शक शीट घेऊन गेले, लेझरला चालणाऱ्याच घ्या बरं का, इंकजेटच्या आत वितळतात. "दादा, अॅक्च्युअल साइज ठेवा, फिट टू पेज नको," असं मी दोनदा सांगितलं. "हो हो मॅडम." घरी येऊन एकावर एक ठेवल्या तर तीन बरोबर आणि दोन किंचित लहान, पाली दरवाजा तटबंदीच्या आत दोन मिलिमीटर. त्यांचा माणूस मधेच जेवायला गेला आणि दुसऱ्याने उरलेल्या दोन काढल्या त्या त्याच्या सवयीने. परत गेले, त्यांनी बिनबोभाट नव्या काढून दिल्या. खुणाही मी काठापासून फार जवळ ठेवल्या होत्या, प्रिंटर काठाचे काही मिलिमीटर छापतच नाही, त्या 12 मिलिमीटर आत घेतल्या. हुकमधली एक ओळ, पाची पानं.

मग गेल्या महिन्यात गडावर नेल्या. गुंजवण्यातून चढलो, पद्मावती देवळाच्या ओट्यावर काकांनी एकेक शीट ठेवत सांगायला सुरुवात केली, समोच्च रेषा, तटबंदी, सगळे वाकून बघतायत, मी मनात फुशारलेली. तिसरी शीट ठेवली तर अळू दरवाजा भलत्याच बाजूला आणि पाली दरवाजा जिथे वाटच नाही तिथे. जुळणीच्या चारी खुणा मात्र तंतोतंत जुळलेल्या. शीट उलटी पडली होती. चारी कोपऱ्यांत सारख्याच अधिकच्या खुणा, पारदर्शक शीट, उलटी ठेवली तरी सगळं जुळतंच की, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एक छोटा मुलगा म्हणाला, "काकू, दरवाजे आरशात आहेत का?"

घरी आल्या आल्या वरच्या उजव्या कोपऱ्यातली खूण बदलून त्रिकोण केला. दोनदा कंपाइल केलं. आता परत शीट घेऊन त्या दुकानात जायचंय, जेवायची वेळ टाळून.